ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी केस गळायला लागले, तर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 46. फायब्रॉइडच्या गाठी आणि कित्येक वर्षांचा जास्तीचा रक्तस्राव, म्हणून पोट उघडून गर्भाशय काढलं. त्याला आता सव्वातीन महिने झाले. टाके चांगले भरले, घरातली कामंही सुरू झाली, आणि गेल्या तीन आठवड्यांपासून केस मूठमूठ यायला लागले. प्रत्येक केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, मग ते मुळासकट चाललेत का? हा भुलीचा परिणाम आहे का? शाम्पू बदलला, बायोटिन सुरू केलं, फरक नाही. टक्कल पडणार का?

या वर्णनावरून टक्कल पडण्याचं कारण दिसत नाही. पण का, ते कळलं नाही तर पुढचे चार महिने रोज कंगवा बघून धसका बसेल, म्हणून आधी तेच सांगतो.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग त्याची वाढ थांबते आणि पुढचे सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर अडकून बसलेला असतो. त्यानंतर गळतो. कुठल्याही दिवशी बघितलं तर दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहा हजार केस या विश्रांतीत असतात. दहा हजार केस शंभरेक दिवसांत जायचे, म्हणून रोजचे शंभरपर्यंत केस जाणं हिशोबात बसतं. आता मोठं ऑपरेशन होतं. रक्त जातं, जखमेभोवती सूज असते, एखादा ताप येतो, आठवडाभर धड जेवण नसतं. शरीर हातातलं सगळं जखम भरायला लावतं आणि वाढत्या केसांपैकी मोठा गट एकदम विश्रांतीला जातो. दहाऐवजी समजा तीस टक्के केस विश्रांतीत गेले, तर तीन महिन्यांनी रोजचे शंभर नव्हे, तीनशे केस पडायला लागतात. तुम्ही आज जो केस कंगव्यात बघता, त्याची वाढ ऑपरेशनच्या आसपासच थांबलेली होती. त्यामुळे गेल्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूचा ना त्यात दोष, ना त्याचा काही उपाय.

याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने 1961 मध्ये त्याचं वर्णन केलं. बाळंतपणानंतर, डेंग्यू-टायफॉइडनंतर, कोविडनंतर केस जातात तेही हेच. याच हिशोबात दिलासाही आहे: तीस टक्के गेले तरी सत्तर टक्के राहतात, आणि जे गेले त्यांची मुळं शाबूत असतात. यात अर्ध्याहून जास्त केस जाणं दुर्मीळ.

पांढऱ्या ठिपक्याचं म्हणाल तर तो मूळ नाही. विश्रांतीतल्या केसाच्या खालच्या टोकाला केराटिन या प्रथिनाची छोटी गाठ तयार होते, तीच ती. केस बनवणारा भाग टाळूच्या आत, जागेवरच असतो. उलट ठिपका दिसणं ही चांगली खूण आहे: केस तुटलेला नाही, वेळ संपून सुटलेला आहे. भुलीच्या औषधावर सगळं खापर फोडलं जातं, पण तेवढ्या एकट्या औषधामुळे असं होतं असं म्हणता येत नाही. भूल, रक्तस्राव, ताप, उपास हे सगळं एकत्र घडलेलं असतं.

पडताळून बघायचं असेल तर अंगठ्याची नखं उजेडात तिरपी धरा. बऱ्याच जणांच्या नखावर एक आडवी चर दिसते, बोट फिरवलं की लागते. ऑपरेशनच्या दिवसांत नखाची वाढही मंदावलेली असते, त्याची ती खूण. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. चर नखाच्या बुडापासून 9-10 मिलिमीटरवर असेल तर ती तीन महिन्यांपूर्वीची, म्हणजे तारीख जुळली. चर नसली तरी निदान चुकत नाही, असली तर वेगळा पुरावा नको.

वेळ जुळत नसेल तेव्हा मात्र दुसरं काहीतरी शोधायचं. ऑपरेशननंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत डोक्याच्या मागच्या बाजूला एकच चकती पडली, त्याआधी तिथे दुखत किंवा सुजलं होतं, तर ते दाबामुळे झालेलं असतं. पाच-सहा तासांचं ऑपरेशन, डोकं एकाच जागी टेकलेलं, रक्तदाब कमी. तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तिथे खपली किंवा जखम झाली नसेल तर केस बहुतेक वेळा तीन-चार महिन्यांत परत येतात, जखम खोल गेली असेल तर व्रण राहतो. गुळगुळीत गोल चकत्या कुठेही पडत असतील तर ती चाई, तिचा उपचार वेगळा. केमोथेरपीचे केस दोन-तीन आठवड्यांतच जातात, तोही वेगळा प्रकार.

तुमच्या बाबतीत एक प्रश्न डिस्चार्ज कार्डवर बघायचा: गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोश काढले का? काढले असतील तर रजोनिवृत्ती हळूहळू न येता एका दिवसात आली. त्याने घरात आई-मावशीकडून आलेली विरळ होण्याची प्रवृत्ती उघडी पडू शकते. ओळख सोपी आहे. टेलोजन एफ्लुव्हियममध्ये केस सगळ्या डोक्यावरून सारखे कमी होतात, कानशिलावर जरा जास्त जाणवतात. अनुवंशिक विरळपणात भांग पुढून रुंद होत जातो आणि मागचे केस दाट राहतात. दोन्ही एकत्रही असू शकतात. भांगाचा फोटो आजच काढून ठेवा, दिवसा, खिडकीजवळ, तेल न लावलेल्या कोरड्या केसांचा. दर महिन्याला तिथेच, तसाच. आरशावर विश्वास ठेवू नका, आरसा मनासारखं दाखवतो.

औषधांचंही बघायला हवं. ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली हिपॅरिनची इंजेक्शनं, वॉरफरिन, बायपासनंतरची मेटोप्रोलॉलसारखी औषधं, मेंदूच्या ऑपरेशननंतर फिट येऊ नये म्हणून दिलेलं व्हॅल्प्रोएट, यांनी केस गळू शकतात. पण एकही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. मेटोप्रोलॉल एकदम थांबवलं तर छातीत दुखणं, अगदी हार्ट अटॅकही येऊ शकतो. व्हॅल्प्रोएट थांबवलं तर फिट. पर्याय असतो, तो ज्यांनी औषध लिहिलं त्यांना विचारायचा.

आता तपासण्या. तुमचा रक्तस्राव वर्षानुवर्षं होता, म्हणून तुमच्याबाबत पहिला संशय लोहावर. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) या तीन तपासण्या कराव्यात. शाकाहारी असाल तर बी12 सुद्धा. यापुढची लांबलचक ‘हेअर प्रोफाइल’ पॅकेजं बहुतेकांना लागत नाहीत. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. 30 च्या खाली असेल तर साठा रिकामा समजून गोळ्या सुरू करतात, आणि केसांसाठी तो 40 ते 70 च्या दरम्यान असावा असं बरेच त्वचारोगतज्ज्ञ बघतात. यात एक गोम आहे. अंगात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केलेला रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून त्यावर थांबू नका, आता परत करा. हिमोग्लोबिन 12 च्या वर आलं म्हणून लोह पुरे झालं असंही नाही. साठा शेवटी भरतो. म्हणून हिमोग्लोबिन सुधारल्यावरही गोळी साधारण तीन महिने चालू ठेवतात.

लोहाची गोळी घेण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. आपल्याकडे बहुधा फेरस अ‍ॅस्कॉर्बेटची, 100 मिलिग्रॅम लोहाची गोळी दिली जाते. ती चहाबरोबर घेतली तर फुकट गेली. आधी-नंतर एक-दोन तास चहा-कॉफी नको. ऑपरेशननंतर कॅल्शियमची गोळीही जवळजवळ सगळ्यांना असते आणि लोक दोन्ही एकाच घोटात गिळतात. कॅल्शियममुळे लोह शोषलं जात नाही. लोह सकाळी, कॅल्शियम रात्री जेवणानंतर, असं वाटून टाका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर. रोज घेऊन मळमळ किंवा बद्धकोष्ठ होत असेल तर एक दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. एक दिवसाआड घेतलेल्या लोहाचा जास्त वाटा शोषला जातो, असं अभ्यासांत दिसलं आहे. शौचाला काळपट होणं अपेक्षित आहे. मात्र डांबरासारखी चिकट, दुर्गंधी शौच होत असेल तर ते लोह नव्हे, आतला रक्तस्राव असू शकतो.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर गणित वेगळं. पोटाच्या बायपासमध्ये लोह जिथे शोषलं जातं तो आतड्याचा भागच वगळलेला असतो, तेव्हा गोळीने भागेलच असं नाही, शिरेतून लोह द्यावं लागू शकतं. त्या रुग्णांचं वजन महिनोन्‌महिने उतरत असतं, म्हणून गळतीही लांबते. वर्षानंतर नव्याने सुरू झाली तर काहीतरी कमी पडतंय असं धरून तपासायचं.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरी गडबड इथे असते. आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला दीड-दोन महिने पेज, मऊ भात, मेतकूट, फोडणीशिवायचं पातळ वरण यावर ठेवतात. डाळ वातूळ, अंड्याने टाके पिकतात, वांगं तर घरातच आणायचं नाही. यातल्या कशानेही टाके पिकत नाहीत. टाके पिकतात ते जंतूंमुळे, आणि साखर ताब्यात नसेल तर जास्त. या पथ्याने होतं एवढंच की ज्या दिवसांत प्रथिनं सर्वांत जास्त लागतात त्याच दिवसांत ती ताटातून गायब होतात. केस जवळजवळ सगळा प्रथिनांचाच असतो, मग त्याला सामान कुठून मिळणार?

ऑपरेशननंतर वजनाच्या दर किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं रोज असावीत. वजन 60 किलो धरलं तर किमान 72 ग्रॅम. ती जेवणात कुठून येतात ते बघा. दोन अंडी 12 ग्रॅम. 30 ग्रॅम कोरड्या डाळीचं किंवा कडधान्याचं घट्ट वरण, उसळ 7 ग्रॅम, दोन्ही वेळचं मिळून 14. तीन पोळ्या 9. पाव लिटर दूध किंवा तेवढ्याचं दही 8. पन्नास ग्रॅम पनीर 9. मूठभर शेंगदाणे 7. एवढं सगळं खाऊनही बेरीज 59 होते. राहिलेली 13 ग्रॅम 25 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून मिळतात, किंवा मासे-चिकनचा 100 ग्रॅमचा तुकडा ती सहज भरून काढतो. अंडी चालत नसतील तर सोयाबीन आणि पनीर वाढवायचं. वरणाचं नुसतं पाणी मात्र या हिशोबात धरूच नका. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, स्वतः वाढवू नका.

बायोटिन बंद करा. त्याची कमतरता क्वचित आढळते. रोजची गरज 30 मायक्रोग्रॅम असते आणि बाजारातली गोळी 10 मिलिग्रॅमची, म्हणजे तीनशे पटीहून जास्त. नुसती निरुपयोगी असती तरी चाललं असतं, पण ती रक्ताच्या काही तपासण्या बिघडवते. टीएसएच खोटा कमी दिसू शकतो आणि थायरॉइड जास्त झाल्याचं चुकीचं निदान होतं. हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने 2017 मध्ये याबद्दल सावध केलं होतं. हृदयाचं ऑपरेशन झालेल्याने केसांसाठी बायोटिन खाणं म्हणूनच वेडेपणा आहे. टीएसएच करण्याआधी निदान तीन दिवस गोळी बंद हवी, आणि लॅबला सांगायलाही हवं.

‘केसांच्या’ गोळ्या दोन-तीन ब्रँडच्या एकत्र घेऊ नका. जीवनसत्त्व ए आणि सेलेनियम जास्त झालं तर त्यानेच केस जातात. 2025 च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गेले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं. झिंकचा अतिरेक झाला तर तांबं कमी होतं आणि त्यातून रक्त कमी होतं. म्हणजे गाडी परत पहिल्या ठिकाणी.

मिनॉक्सिडिल, म्हणजे टाळूला लावायचं केसवाढीचं औषध? या प्रकारच्या गळतीला लागत नाही. सुरुवातीचे काही आठवडे त्यानेच गळती वाढते, आणि आधीच घाबरलेली बाई चौथ्या आठवड्यात बाटली फेकून देते. भांग रुंद होत असेल, म्हणजे अनुवंशिक भाग असेल, तर ते उपयोगी आहे, पण मग ते चालू ठेवायचं औषध आहे हे आधी माहीत हवं. मिनॉक्सिडिलची गोळी मुळात रक्तदाबाची आहे. बायपास किंवा झडपेचं ऑपरेशन झालेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही. आणि पीआरपीची (आपल्याच रक्तातला प्लाझ्मा टाळूत टोचायचा) सहा सिटिंगची पॅकेजं जे केस आपोआप येणार आहेत त्यांचं श्रेय घेतात, एवढंच म्हणतो.

धुण्याबद्दल. केस जातील म्हणून आठ-आठ दिवस न धुणं हे जवळपास सगळ्या करतात. त्याने एकही केस वाचत नाही. रोजचे तीनशे सुटलेले केस डोक्यातच अडकून राहतात आणि नवव्या दिवशी न्हाणीच्या जाळीवर एकदम दिसतात, मग छाती धडधडते. आठवड्यातून दोन-तीनदा साध्या सौम्य शाम्पूने धुवा. आधी कोरडा गुंता बोटांनी काढा, शाम्पू टाळूला लावा, कंडिशनर फक्त लांबीला, आणि ओल्या केसांत मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून वर सरकवत न्या. टॉवेलने खसाखसा पुसू नका. घट्ट वेणी, अंबाडा, ओढून लावलेला क्लचर काही महिने बाजूला ठेवा. खोबरेल तेलाने केस कमी तुटतात, गुंता कमी होतो, म्हणून धुण्याआधी लांबीला जरूर लावा. मुळाला त्यातून पोषण मिळत नाही. कोंडा असेल तर टाळूवर तेल नकोच, कोंडा वाढतो. कांद्याचा रस, लसूण, मिरी असलं काही चोळून टाळू भाजलेल्या बऱ्याच जणी येतात.

छातीचं हाड कापून झालेल्या ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे हात डोक्यावर नेऊन जोर लावायचा नसतो. तेवढे दिवस केस दुसऱ्याने धुवावेत, विंचरावेत. आयसीयूत बरेच दिवस पडून राहिल्यावर मागचे केस गुंतून त्यांचा घट्ट गोळा होतो. घरी कोणी जट आली म्हणालं तर मनावर घेऊ नका. भरपूर कंडिशनर किंवा तेल जिरवून, टोकापासून एकेक बट सोडवत दोन-तीन दिवसांत मोकळा होतो, नाहीच झाला तर कात्री आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जटा कापून देतात, घरच्यांची समजूतही काढतात.

दिसण्यासाठी करता येईल असं थोडंफार आहे. केस खांद्यापर्यंत कापले की उरलेले दाट दिसतात, आणि गळालेला केसही आखूड असल्यामुळे पुंजका लहान दिसतो. तेवढ्यानेही जीव हलका होतो. भांग बदला. केराटिनची पूड भांगावर शिंपडता येते, धुतली की जाते. केराटिन स्मूदनिंग मात्र आत्ता नको, त्यातल्या बऱ्याच द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असतं. रंग लावल्याने मुळं मरत नाहीत. आधी कधी खाज आली नसेल तर लावायला हरकत नाही. डोक्याचंच ऑपरेशन झालेल्यांनी टाके पूर्ण भरेपर्यंत त्या जागेला तेल-रंग काही लावू नये.

गळती मोजायचीच असेल तर रोज नको. पंधरा दिवसांतून एकदा, धुण्याआधी, केस पुढे घेऊन पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर एक मिनिट मागून पुढे विंचरा आणि पडलेले मोजून तारखेसह लिहा. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका, तुमचाच आकडा उतरतोय का एवढं बघा. बहुतेकींचा तो सुरुवातीपासून तीन ते सहा महिन्यांत खाली येतो. त्याच सुमारास कपाळाच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटरचे उभे राहणारे केस दिसतात. त्यांना तुटलेले समजू नका: तुटलेल्याचं टोक बोथट असतं, नव्या केसाचं निमुळतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे गळती थांबल्यावरही वेणीची जाडी पूर्वीसारखी व्हायला वर्ष-दीड वर्ष, लांब केसांना त्याहून जास्त लागतं.

गळती सहा महिन्यांच्या पुढे गेली, चकत्या पडल्या, भुवया-पापण्याही विरळ झाल्या, टाळू दुखतो, पू किंवा चट्टे आहेत, किंवा जोडीला थंडी सहन होत नाही, वजन वाढतंय, दम लागतोय, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं आणि महिन्याचे फोटो न्या. त्या दिवशी तेल लावू नका, आणि आदल्या दिवशी केस धुऊ नका, म्हणजे थोडे केस ओढून बघण्याची साधी चाचणी नीट करता येते. गळलेले केस पिशवीत भरून नेण्याची गरज नाही.